रोग आला पाण्याने, आम्ही धावलो दुकानात



रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या आमच्या वावरात गेल्या खरिपात जे घडले, ते तुमच्यापैकी अनेकांच्या वावरात घडले असेल. पऱ्हाटीत तुरीची तासे घातली होती. पीक दीड महिन्याचे झाले आणि झड लागली. आठ दिवस सूर्य दिसला नाही. नाल्याच्या अंगाला जो सखल भाग आहे, तिथे पाणी तुंबले. उघाड पडली तसे आम्ही धुऱ्यावर जाऊन पाहिले, तर खालच्या अंगाची तूर माना टाकून उभी. चार दिवसांत तासेच्या तासे वाळली. वरच्या चढावर मात्र तीच तूर, त्याच थैलीतले बियाणे, त्याच दिवशी पेरलेले, हिरवेगार.

आम्ही काय केले? एक झाड उपटले, पिशवीत घातले आणि कृषी सेवा केंद्र गाठले. दुकानदाराने झाडाकडे अर्धी नजर टाकली आणि सांगितले, "भाऊ, मर आहे. बुरशी आहे. हे औषध मुळाशी ओता." आम्ही ओतले. फरक पडला नाही. मग दुसरे दिले, ते ओतले. मग दोन्ही मिळून ओतले. झाडे मरायची ती मेलीच. तूर गेली, दुकानाच्या वहीत आमच्या नावापुढचा आकडा तेवढा राहिला.

दुकानदाराला शिव्या देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्याने विकले, कारण आम्ही विकत घ्यायला गेलो होतो. चूक आमची अशी, की जो प्रश्न वावरात उभा राहून विचारायचा तो आम्ही विचारलाच नाही. बियाणे एक, पेरणी एक, खत एक. मग चढावरची तूर जगली आणि उतारावरची मेली, ती का? फरक फक्त पाण्याचा होता. उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होते आणि आम्ही ते दुकानाच्या फळीवर शोधत होतो.

ही बुरशी नव्हेच

तुरीला मारणारे रोग अनेक आहेत. त्यातले दोन आपण नेहमी एकमेकांत मिसळतो. एक खरी मर. ती फ्युजॅरियम नावाच्या बुरशीने होते. झाड हळूहळू पिवळे पडते, खोडाचे साल खरवडले की आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात, आणि बहुधा फुलोऱ्याच्या, शेंगांच्या वेळी ती जोर करते. दुसरा फायटोप्थोराचा करपा. तो लहान झाडावर, पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत, झडीच्या दिवसांत येतो. पानावर पाण्यात भिजल्यासारखे डाग पडतात, खोडावर जमिनीच्या थोडे वर तपकिरी-काळा, किंचित खोल गेलेला चट्टा दिसतो आणि वाऱ्याने झाड नेमके त्या चट्ट्यावर मोडते. आमच्या तुरीला हा दुसरा रोग होता. खोडावरचे चट्टे आम्ही पाहिले होते, पण त्यांचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता.

आता मुद्द्याची गोष्ट. फायटोप्थोरा ही आपण समजतो तशी बुरशी नाही. दिसायला ती बुरशीसारखी, तंतूही तसेच, पण कूळ वेगळे. खऱ्या बुरशीची भिंत कायटिनची असते, तर हिची मुख्यतः सेल्युलोजची, म्हणजे झाडाच्या भिंतीसारखी. तिचे जवळचे नातलग पाण्यातले शेवाळे आहेत. शास्त्रज्ञांनी तिला आता वेगळ्या घराण्यात बसवले आहे. आपण तिला पाणबुरशी म्हणू. रोपे कोलमडून टाकणारी पिथियम, हळदीची कंदकूज, संत्र्याचा डिंक्या, द्राक्षावरचा केवडा, ज्वारी-बाजरीवरचा केवडा, बटाट्याचा उशिरा येणारा करपा, हे सगळे याच घराण्याचे उद्योग.

कूळ वेगळे म्हणजे नुसता पुस्तकी फरक नव्हे. याच्यात आपला पैसा अडकला आहे. कार्बेन्डाझिम हे आपल्याकडे सर्वांत जास्त खपणाऱ्या बुरशीनाशकांपैकी एक. फ्युजॅरियमसारख्या खऱ्या बुरशीवर बीजप्रक्रियेला ते उपयोगी पडते. पण पाणबुरशीवर ते चालत नाही. पेशी दुभंगताना बुरशीच्या ज्या भागावर ते घाव घालते, तो भाग पाणबुरशीत अशा घडणीचा आहे की घाव लागतच नाही. फायटोप्थोराने मरणाऱ्या तुरीच्या मुळाशी कार्बेन्डाझिम ओतणे म्हणजे चोर मागच्या दाराने शिरलेला असताना पुढच्या दाराला कुलूप घालणे. आम्हाला पहिल्यांदा दिले ते नेमके हेच औषध होते.

पाणी हेच तिचे वाहन

तिला पाणबुरशी का म्हणायचे, तेही समजून घ्या. जमीन पाण्याने भरली की तिच्या तंतूंवर लहान लहान पिशव्या तयार होतात. पिशवी फुटली की आतून डझनावारी बीजाणू बाहेर पडतात आणि ते पोहतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात. त्या हलवत तो मातीच्या कणांमधल्या पाण्यातून मुळाच्या दिशेने जातो. स्वतःच्या बळावर तो बोटभर अंतरही मुश्किलीने तोडतो, पण वाहते पाणी त्याला एका तासातून दुसऱ्या तासात, एका वावरातून शेजारच्या वावरात फुकट नेऊन सोडते.

त्याला मूळ कुठे आहे ते कळते कसे? मुळातून साखर आणि इतर पदार्थ पाझरतात, त्यांच्या मागावर तो येतो. पाणी तुंबले की मुळाला हवा मिळत नाही. हवा कोंडलेल्या मुळात आंबण्याची क्रिया सुरू होते आणि त्यातून मद्यार्क पाझरतो. फायटोप्थोराचे काही पोहणारे बीजाणू या मद्यार्काकडे ओढले जातात हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे तुंबलेले पाणी दुहेरी मारते. एकीकडे मूळ गुदमरते आणि दुसरीकडे ते गुदमरलेले मूळच शत्रूला बोलावणे पाठवते.

पाणी ओसरले, ऊन पडले की हे पोहणारे बीजाणू टिकत नाहीत. पण रोग गेला असे समजू नका. या घराण्यातल्या बऱ्याच जाती जाड कवचाचे बीजाणू तयार करतात. ते काडीकचऱ्यात आणि मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात, पुन्हा पाणी तुंबण्याची वाट पाहत. आमच्या नाल्याकाठच्या पट्ट्यात तूर दर चार-पाच वर्षांनी का बसते, हे कोडे आम्हाला आता उलगडते.

खारट पाण्यात बुरशी मरते का?

आमचे एक व्याही मूर्तिजापूरकडचे, खारपाण पट्ट्यातले. तुरीचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "पाहुणे, ही रोगराई तुमच्या गोड्या पाण्याची. आमच्याकडे जमीनही खारी, पाणीही खारे. मिठात मुरवलेल्या लोणच्याला कधी बुरशी धरते का?"

बोलणे ऐकायला पटण्यासारखे होते, आम्हीही मान हलवली. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या वावरात तूर बसली, तेव्हा लोणच्याचा दाखला अपुरा पडला. मग आम्ही जाणत्यांना विचारत गेलो. जे कळले ते असे.

व्याही अर्धे खरे बोलत होते. पोहणाऱ्या बीजाणूच्या अंगावर कवच नसते. तो उघडाच असतो, म्हणून पाण्यात क्षार वाढले की त्याचे सुटणे आणि पोहणे मंदावते. मासे पाळणाऱ्यांना हे ठाऊक आहे. माशाच्या जखमेवर कापसासारखे पुंजके येतात, तीही पाणबुरशीच. त्यावर जुना उपाय म्हणजे माशाला काही मिनिटे मिठाच्या पाण्यात बुडवून काढणे. १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरलेला माशांचा व्रणरोग याच घराण्यातल्या एका जातीचा. पाण्यात लिटरला दोन ग्रॅमपेक्षा जास्त क्षार असतील तर त्याचा फैलाव थांबतो.

मग माशाला वाचवणारे मीठ तुरीला का वाचवत नाही? कारण मासा काही मिनिटांत गोड्या पाण्यात परत जातो. मूळ मात्र खारट जमिनीत पाच-सहा महिने उभे असते. दोन ग्रॅम क्षाराने बीजाणू अडखळतो हे खरे, पण साधारण तेवढ्याच क्षाराने नाजूक पिकाचे मूळही भाजते. शिवाय पाणबुरशीचे तंतू कवचाचे आणि चिवट. मूळ जिथे हाय खाते तिथे हे तंतू सुखाने वाढत असतात. या घराण्यातल्या काही जाती तर समुद्रकाठच्या खारफुटीच्या गळलेल्या पानांवर, खाऱ्या पाण्यातच राहतात. मिठाला भिणारी जात ही नव्हे.

यावर नीट प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९८० च्या दशकात शेवंतीवर आणि संत्रावर्गीय झाडांवर हा प्रश्न तपासला गेला. क्षारांचा धक्का बसलेली मुळे आणि साधी मुळे अशी दोन्ही फायटोप्थोराच्या तोंडी दिली, तर क्षाराचा मार खाल्लेल्या मुळांत कूज जास्त झाली. क्षाराने मुळाची राखण मोडते, त्यातून रस जास्त पाझरतो आणि बीजाणूला वाट सोपी होते. थोडक्यात, मीठ शत्रूला चिमटा काढते आणि आपल्या माणसाचे हातपाय बांधते. अशा लढाईत कोण जिंकणार?

खारपाणातले पाणी जिरत का नाही

खारपाण पट्ट्यात आणखी एक गोम आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी ही काळी, खोल, चिकण जमीन पसरली आहे. साडेचार लाख हेक्टरांहून मोठा हा मुलूख. खाली भूजल खारे. लोक सरसकट खारी जमीन म्हणतात, पण खारवट आणि चोपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खारवट जमिनीत नुसते विरघळणारे क्षार जास्त असतात. अशा जमिनीतून पाणी खाली जाऊ शकते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. पावसाचे गोडे पाणी पडले की हे कण सुटे होतात, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी ना खाली जाते ना बाहेर. पूर्णाकाठच्या पुष्कळ जमिनीचे दुखणे हे दुसरे आहे.

आता पाणबुरशीच्या नजरेने पाहा. पावसाळ्यात वरच्या थरात पावसाचे गोडे पाणी तुंबलेले, म्हणजे पोहायला सोय. खाली मूळ सोडियमने त्रासलेले आणि हवेवाचून गुदमरलेले, म्हणजे शिरायला सोय. खारपाणाने रोग रोखलेला नाही, त्याने रोगाला अंथरूण घालून ठेवले आहे. आमच्या व्याह्यांची तूर अशी गेली.

मग प्रश्न येतो, खारपाणात कापूस आणि ज्वारी कशी काय उभी राहते? याला आकडे आहेत. जमिनीतली क्षारता विद्युत वाहकतेने मोजतात आणि ती डेसिसायमन या मापात सांगतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात कापसाचे उत्पन्न ७.७ पर्यंत घटत नाही, ज्वारीचे ६.८ पर्यंत घटत नाही. संत्र्याचे मात्र १.७ च्या पुढे घटू लागते. तूर, मूग, उडीद, हरभरा ही कडधान्येही नाजूक. आपल्या बापजाद्यांनी तिथे पऱ्हाटी आणि ज्वारी धरून ठेवली, ती अडाणीपणाने नव्हे. जमिनीने शिकवले ते त्यांनी मानले.

केनवडला खारपाणाशी काय घेणे?

कोणी म्हणेल, आपले वावर डोंगरावरचे, विहीर गोडी, पूर्णेचे दुखणे आपल्याला कशाला? १९९८ मध्ये वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, कचेऱ्या वेगळ्या झाल्या, पण पाणी काही वेगळे झाले नाही. आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरात उगवलेली काटेपूर्णा अकोल्याकडे उतरून पूर्णेलाच मिळते. आणि क्षार फक्त खारपाणात असतो असेही नाही. रासायनिक खत म्हणजे क्षारच. उघाडीत, जमीन कोरडी असताना, युरियाची मूठ झाडाच्या बुडाशी टाकली की त्या हातभर जागेत आपण स्वतःच्या हाताने छोटे खारपाण करतो. जमीन जितकी वाळते तितके उरलेल्या ओलाव्यातले क्षार घट्ट होतात. मूळ भाजते. त्यानंतर एकदम ढगफुटीसारखा पाऊस येतो, पाणी तुंबते, आणि त्या भाजलेल्या मुळाकडे बीजाणू पोहत येतात. लांब उघाड आणि मग जोराची झड, हे चक्र कोरडवाहू शेतकऱ्याला नवे नाही. रोगाचा हंगाम या चक्राला बांधलेला आहे, पंचांगाला नव्हे.

कापसातली आकस्मिक मर पाहा. लांब ताणानंतर मोठा पाऊस झाला की पात्या-बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी एका दिवसात माना टाकते. पुष्कळ भाऊ बुरशी समजून ओळीने औषध ओततात. या मरीमागे कोणती बुरशी सापडलेली नाही. मुळाला हवा मिळत नाही, पाणी वर चढत नाही, एवढीच ती गोष्ट. पहिला उपाय साचलेले पाणी वावराबाहेर काढणे हाच आहे, आणि तोही तासांच्या हिशेबाने, दिवसांच्या नव्हे.

ज्वारीवरचा केवडा याच घराण्यातला, पण त्याची चाल थोडी वेगळी. पान पिवळट-पांढरे पडते, पुढे ते चिरून लोंबते. याचे बीजाणू रात्रीच्या गारव्यात, पान ओले असताना तयार होतात आणि वाऱ्याने उडतात. बाजरीत कणसाच्या जागी हिरव्या पानांचा जटेसारखा झुपका येतो, म्हणून त्याला गोसावी म्हणतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच संकरित बाजरीचे पेरे सगळीकडे झाले आणि या रोगाने ती बाजरी देशभर झोपवली. तिथे पाणी तुंबण्यापेक्षा एकाच वाणाचा सपाटा नडला. तेव्हा पाणबुरशी म्हटली की निचरा एवढेच पुरते असेही समजू नका. वाणाची निवड, रोगट झाड दिसताच उपटणे, बीजप्रक्रिया हेही हवे.

ज्या भावांनी चार-दोन एकर संत्रा लावला आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट. डिंक्या हा फायटोप्थोराचा रोग, आणि बुंध्याशी पाणी हे त्याचे आमंत्रण. दुहेरी आळे करून पाणी बुंध्यापासून दूर ठेवा. कलमाचा डोळा जमिनीच्या चांगला वर असू द्या. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हा बोर्डो मलम पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला लावा. जंबेरी खुंट क्षारालाही नाजूक आणि फायटोप्थोरालाही. रंगपूर लिंबू क्षार जास्त सोसतो. रोपे घेताना खुंट कोणता हे रोपवाटिकेत विचारा.

हा बोर्डो कुठून आला, तेही ऐकण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांनी हात घालू नये म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८० च्या दशकात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले, की केवड्याने सगळा मळा झडला तरी रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. त्याने शोध लावला, पण आधी शेतकऱ्याने शिंपडले होते. आणि त्याने तेच केले जे आम्ही केले नाही. एकाच मळ्यात एक वेल जगली, दुसरी मेली, तर फरक कशात आहे हे त्याने विचारले.

मग करायचे काय?

आमच्या ठेचेतून शिकलेले सांगतो.

पहिले, पावसाळ्यात झड चालू असताना वावरात जा. पाणी कुठे तुंबते, किती तास तुंबते, ते डोळ्यांनी पाहून ठेवा. त्या जागी तूर टाकू नका. तिथे ज्वारी चालते का पाहा.

दुसरे, सपाट पेरू नका. रुंद वरंबा-सरी शक्य असेल तर उत्तम. काळ्या जमिनीसाठी ही पद्धत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत १९७० च्या दशकातच बसवली गेली. यंत्र नसेल तर डवऱ्याला दोरी गुंडाळा आणि डवरणीबरोबर सऱ्या पाडा. खर्च दोरीचा. उताराला आडव्या सऱ्या ताणात ओल धरतात. पण जादा पाण्याला धुऱ्यातून वाट ठेवली नाही तर त्याच सऱ्या झडीत घात करतात. ती वाट शेजाऱ्याच्या वावरात सोडू नका. शेजाऱ्याबरोबर बसून नाल्यापर्यंतचा चर दोघांनी मिळून काढा. रोग धुरा पाहून थांबत नाही, मग चराने तरी का थांबावे?

तिसरे, झाड वाळले की आधी खोड पाहा, साल खरवडा. आत रेघा की बाहेर चट्टा? चट्टा असेल तर कार्बेन्डाझिम घेऊ नका. पाणबुरशीसाठी मेटॅलॅक्झिल, फोसेटिल, तांबेयुक्त औषधे अशी वेगळी औषधे आहेत. त्यातले कोणते तुमच्या पिकाला, केवढ्या मात्रेत, हे डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात असते. बियाण्याला प्रक्रिया पेरणीआधी. झाड मेल्यावर कोणतेही औषध त्याला उठवत नाही. आणि मेटॅलॅक्झिलही वर्षानुवर्षे तेच ते मारले तर निकामी होते. आयर्लंडमध्ये १९८० मध्येच बटाट्याच्या करप्याने त्याला दाद देणे सोडले होते.

चौथे, वाळलेल्या जमिनीत बुडाशी खताची मूठ टाकू नका. ओल पाहून, झाडापासून दूर, विभागून द्या. बोअरचे पाणी देण्याआधी एकदा तपासून घ्या. जमीन चोपण निघाली तर जिप्सम आणि धैंच्यासारखे हिरवळीचे खत, पण किती ते माती तपासल्यावर.

आणि सरकारला काय विचारायचे?

आम्हाला फुकटचे औषध नको. फुकटचे औषध चुकीच्या रोगावर मारण्यापेक्षा न मारलेले बरे. फवारणीत जीव जातो, हे २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. जी फवारणी मुळात लागतच नव्हती, तिच्यापायी एकाही मजुराला भोवळ का यावी?

आम्ही तीन गोष्टी मागतो.

मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटल्या जात आहेत. तिच्यात बारा गोष्टींचे रकाने. सामू आहे, विद्युत वाहकता आहे, जस्त, लोह, बोरॉन आहे. सोडियमचा रकाना नाही. ज्या सोडियमने पूर्णाकाठची जमीन चोपण केली, त्याचाच हिशेब पत्रिकेत नाही. पहिल्या फेऱ्यांत कोरडवाहूसाठी दहा हेक्टरांना एक नमुना असे माप होते. आमच्या वावरात चढ आणि उतार यांत तूर जगण्या-मरण्याचा फरक पडतो, आणि सरकारच्या लेखी दहा हेक्टर एकसारखी! खारपाणात आणि त्याच्या काठाला सोडियम मोजा, आणि सखल जागेचा नमुना वेगळा घ्या.

दुसरी, तालुक्याला रोग ओळखणारी एक तरी जागा असावी, जिथे औषध विकले जात नाही. झाड दाखवायला आम्ही ज्याच्याकडे जातो त्याचाच गल्ला औषधावर चालत असेल, तर निदान आणि विक्री यांची गाठ सुटणार कशी?

तिसरी, पाणलोटाच्या कामात निचऱ्याचेही काम धरा. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आम्ही ऐकले, केलेही. कोरडवाहू माणसाला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. पण काळ्या चिकण जमिनीत अडवलेले सगळे पाणी जिरत नाही. जे जिरत नाही ते वावरातून काढून शेततळ्यात नेले, तर झडीत मूळ वाचते आणि ताणात तेच गोडे पाणी पिकाला देता येते. खारपाणात तर असे साठवलेले पावसाचे पाणी खाऱ्या विहिरीपेक्षा सोन्याचे. एकच चर दोन्ही कामे करतो.

१८४५ मध्ये आयर्लंडात याच घराण्यातल्या एका जातीने बटाटा कुजवला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. तेव्हा तो कशाने कुजतो हे कोणाला नक्की ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे. बीजाणू कसा पोहतो, क्षाराने मुळाचे काय होते, कोणते औषध लागू पडते, कोणते पडत नाही, सगळे लिहून ठेवलेले आहे. ते फक्त वावरापर्यंत पोहोचलेले नाही. न पोहोचलेल्या या ज्ञानाची किंमत आम्ही गेल्या वर्षी तुरीने आणि उधारीने मोजली.

जिल्हा बैठकीला याल तेव्हा प्रत्येकाने आपल्या वावराची एक गोष्ट सांगावी, पाणी कुठे तुंबते आणि तिथे काय मरते. गावोगावच्या अशा नोंदी एकत्र झाल्या, तर त्या घेऊन आपल्याला तालुक्याच्या कचेरीत उभे राहता येईल. आणि तोवर, पुढच्या झडीत, दुकानाची वाट धरण्याआधी कुदळ घेऊन धुऱ्यावर जा.